छोटा हत्ती आणि त्याचा टायमिंग पट्टा

भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाणारा पुणे-नाशिक महामार्ग सकाळी छोट्या मालवाहू गाड्यांनी भरलेला असतो. कुणाच्या हौद्यात रबरी सीलच्या पेट्या, तर कुणाच्या हौद्यात नुकत्याच यंत्रावरून उतरलेल्या, तेलाचा वास येणाऱ्या सुट्या भागांचे क्रेट. भोसरी, तळवडे, चिखलीच्या लहान शेडमध्ये तयार झालेला हा माल ठरल्या वेळी चाकण एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांच्या दारात पोहोचवायचा असतो, कारण तिथे सुट्या भागांचा साठा मोजकाच ठेवतात. या गर्दीत ‘एमएच १४’ पाटीच्या, रंग विटलेल्या, पंधरा वर्षे ओलांडलेल्या टाटा एसही असतात. सगळा मुलूख या गाडीला छोटा हत्ती म्हणतो.

अशी एखादी गाडी भर रस्त्यात एकाएकी बंद पडते. आधी खडखड नाही, धूर नाही, तापमानाचा काटाही जागेवर. चालक सेल्फ मारतो. इंजिन नेहमीपेक्षा हलके, सुळकन फिरते, पण पेट घेत नाही. मुरलेल्या मिस्त्रीला फोनवर एवढे वर्णन पुरते. सेल्फ मारू नका, गाडी ओढून आणा, असे तो सांगतो. टायमिंग पट्टा गेला, हे त्याने ओळखलेले असते.

हाताच्या पंज्यात मावणारा हा रबरी पट्टा तुटला तर संपूर्ण हेड उतरवण्याची पाळी येऊ शकते. वेळेवर बदलला आणि नीट जुळवला, तर तेच इंजिन पुढची अनेक वर्षे मुकाट काम करते. त्यामुळे तो कधी बदलायचा आणि कसा जुळवायचा, हे गाडीच्या मालकानेही समजून घ्यायला हवे.

पिंपरीचे इंजिन

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ साली पिंपरीत आली. टाटा ४०७ हा हलका ट्रक १९८६ मध्ये बाजारात आला आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका ही मोटार. इंडिकाचे डिझेल इंजिन चार सिलिंडरचे, १४०५ सीसीचे होते. पुढे तीनचाकी टेम्पोला पर्याय ठरेल असा चारचाकी छोटा ट्रक बनवायचे ठरले, तेव्हा गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने याच इंजिनाचा आधार घेतला. चाराचे दोन सिलिंडर झाले आणि ७०२ सीसीचे, सुमारे १६ अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली. पुढे तिचे उत्पादन उत्तराखंडातल्या पंतनगरला गेले, पण सुरुवातीच्या गाड्या पिंपरीच्याच.

इंडिकाच्या इंजिनाबरोबर तिची टायमिंग पट्ट्याची रचनाही एसमध्ये आली. ट्रकच्या दुनियेत ही गोष्ट तशी वेगळी आहे. मोठ्या ट्रकच्या इंजिनांत हे काम पोलादी दातेरी चाके, म्हणजे टायमिंग गिअर करतात. टाटाच्या मोठ्या ट्रकमध्ये बसणाऱ्या कमिन्सच्या बी मालिकेच्या इंजिनातही गिअरच आहेत. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवले, त्यात साखळी आहे. रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनातही साखळीच, तर चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून बाहेर पडलेल्या डिझेल पोलोत पट्टा. एकाच जिल्ह्यात तिन्ही पद्धती नांदतात. म्हणून ‘अमक्या गाडीला काही करावे लागत नाही, मग हिलाच का?’ हा मालकांचा प्रश्न गॅरेजमध्ये रोज ऐकू येतो.

गिअर आणि साखळी इंजिनाच्या तेलात फिरतात आणि दीर्घकाळ टिकतात. साखळी ढिली झाली तर बहुधा आवाज करून तसे सांगतेही. या इंजिनांतला पट्टा मात्र कोरडा, प्लॅस्टिकच्या कव्हरआड फिरतो. तो हलका, स्वस्त आणि शांत असतो. दातेरी रबरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी तयार झाला. मोटारीच्या कारखानी उत्पादनात तो १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीतून आला आणि नंतर जगभर पसरला. त्याच्या सगळ्या गुणांची किंमत एकच: ठरावीक काळाने तो बदलावा लागतो.

पट्टा नेमके काय सांभाळतो

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात आणि क्रँक फिरतो. वरच्या बाजूला हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, तो हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. पट्टा हे दोन शाफ्ट एकमेकांशी बांधून ठेवतो. अशा जुन्या डिझेल इंजिनांत तो बहुधा डिझेल पंपही फिरवतो, म्हणजे डिझेलचा फवारा कोणत्या क्षणी उडणार हेही त्याच्याच हाती.

या कामाचा वेग पाहण्यासारखा आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन पळत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटावे. त्यासाठी पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये अगदी थोडी जागा उरते. त्या क्षणी व्हॉल्व्ह मिटलेले, किंवा जवळजवळ मिटलेले, असलेच पाहिजेत. पट्टा तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने आणखी फिरतो आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी गाइड तडकतात, कधी पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात. इंजिन पळते की घरघरते आहे, यावर नुकसान किती ते ठरते. बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारत राहिले तर वाचलेले व्हॉल्व्हही वाकू शकतात. मिस्त्री पहिल्यांदा सेल्फ सोडायला सांगतो, त्यामागे हे कारण असते.

पट्टा न तुटता एखादा दात पुढेमागे झाला तरी हिशेब बिघडतो. समजा क्रँकच्या पुलीला २० दाते आहेत. फेरा ३६० अंशांचा, म्हणजे एका दाताला १८ अंश आले. डिझेलचा फवारा पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी काही मोजक्या अंशांवर उडायचा असतो. तिथे १८ अंशांची चूक म्हणजे इंजिन सकाळी सुरू व्हायला कुरकुरणार, चढावर दम सोडणार. फवारा उशिरा उडाला तर पांढरा धूर आणि तापणारे इंजिन, लवकर उडाला तर कडक ठोके. बऱ्याच गाड्या अशा अवस्थेत महिनोन्महिने चालवल्या जातात आणि दोष डिझेलला किंवा नोझलला दिला जातो.

किलोमीटरचा आकडा फसवतो

पट्टा कधी बदलायचा, याचे पहिले उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. जुन्या डिझेल इंजिनांसाठी हा आकडा बहुतेक वेळा ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो आणि सोबत वर्षांची मर्यादाही असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. प्रत्यक्षात वर्षांची अट सहसा कुणी पाळत नाही, कारण डोळ्यांसमोर किलोमीटरचाच आकडा असतो.

चाकण पट्ट्यात हा आकडा आणखी फसवा ठरतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात अडकलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असते. कारखान्याच्या दारात माल उतरण्याची वाट पाहतानाही अनेक चालक इंजिन बंद करत नाहीत. जागच्या जागी घरघरणारे इंजिन मिनिटाला साधारण ८५० फेरे घेते असे धरले, तर तासात क्रँकचे ५१ हजार फेरे होतात. तेच इंजिन २००० फेऱ्यांवर, ताशी ४० किलोमीटरने चालत असेल, तर एका किलोमीटरला ३००० फेरे पडतात. म्हणजे चौकात घालवलेला एक तास पट्ट्याच्या लेखी १७ किलोमीटरचा. रोज दोन तास असे जात असतील, तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत मीटरवर न दिसणारे ८५० किलोमीटर जमा होतात. वर्षाला ते १० हजारांच्या वर जातात.

त्यात धूळ आणि पाणी यांची भर पडते. जुन्या गाडीचे पट्ट्यावरचे कव्हर तडकलेले असते, एखादा बोल्ट हरवलेला असतो. उन्हाळ्यात खडीच्या रस्त्यावरची भुकटी आणि पावसाळ्यात चिखलाचे पाणी आत जाते. बारीक खडा पुली आणि पट्ट्याच्या मध्ये सापडला तर दात तुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे तेल. क्रँकचे किंवा कॅमचे सील झिरपू लागले की तेल पट्ट्यावर येते आणि रबर फुगते, मऊ पडते. पट्ट्याच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात, ताण तेच झेलतात. बाहेर रबर आणि दातांवर नायलॉनचे कापड. या थरांची पकड सुटली की दात सोलून निघतात. वरून पट्टा धड दिसतो, आतून तो संपलेला असतो. म्हणून नुसते बोट फिरवून ‘अजून चालेल’ असा निवाडा देणे धोक्याचे आहे. भेगा, चकाकी, कडेचे सुटलेले धागे, तेलाचा ओलावा यांपैकी काहीही दिसले तर पट्टा बदलायचाच. काहीच दिसले नाही, पण मुदत उलटली, तरीही बदलायचा.

आरटीओच्या तपासणीवर विसंबूनही चालत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तिथे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर पाहिला जातो. टायमिंग कव्हर काढून पट्टा पाहणे हे मालकाचेच काम आहे.

खुणा, ताण आणि दोन फेरे

काम सुरू होते थंड इंजिनावर, बॅटरीची तार सोडून. बाहेरचे पट्टे, क्रँकची बाहेरची पुली आणि कव्हर निघाले की टायमिंगची बाजू उघडी पडते. क्रँक पुलीचा बोल्ट कधीकधी इतका घट्ट असतो की तो सोडवायला सेल्फचा झटका देण्याचा मोह होतो. त्यात पाना उडून हात मोडू शकतो. फ्लायव्हील लॉक करून, लांब दांड्याने बोल्ट सोडवणे हाच रस्ता.

पुढची पायरी जुना पट्टा काढण्याआधीची आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. क्रँक हाताने, फिरण्याच्या दिशेनेच फिरवून पहिला पिस्टन माथ्यावर, म्हणजे टीडीसीवर आणायचा. इथे एक मेख आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोनदा माथ्यावर येतो: एकदा हवा दाबून झाल्यावर, एकदा धूर बाहेर ढकलून झाल्यावर. क्रँकची खूण दोन्ही वेळा जुळते. कॅमची खूण फक्त एकदा. म्हणून क्रँक, कॅम आणि डिझेल पंप या तिन्हींच्या खुणा एकाच वेळी जागेवर दिसल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही. कंपनीने लॉक पिन दिल्या असतील तर त्या घालून शाफ्ट जागच्या जागी अडकवायचे.

जुन्या इंजिनात या खुणांचाच घोळ असतो. वीस वर्षांत पाच जणांनी ते उघडलेले असते. कुणी छिन्नीने चरा पाडलेला, कुणी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला, कुणी लाल. यातली खरी खूण कंपनीने दिलेली तेवढीच. आधीच्या माणसाने पट्टा एक दात चुकवून बसवला असेल आणि नव्याने फक्त ‘होता तसा’ बसवला, तर चूक कायम राहते. म्हणून पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहणे गरजेचे. क्रँकवर पुलीला जागेवर धरणारी छोटी पोलादी चावी झिजली असेल, तर खुणा जुळूनही टायमिंग हलते. तीही काढून पाहायची.

पट्टा निघाल्यावर क्रँक किंवा कॅम स्वतंत्रपणे फिरवायचा नाही, कारण त्या क्षणी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातला करार मोडलेला असतो. याच वेळी सील बदलायची, पट्ट्याचा ताण राखणारा टेन्शनर आणि आयडलर पुली बोटाने फिरवून बघायच्या. त्या घरघरत असतील, डुगडुगत असतील, तर नव्या पट्ट्यासोबत नव्याच घालायच्या. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर त्याचीही तपासणी इथेच. टेन्शनरचे बेअरिंग जाम झाले तर नवा पट्टाही काही तासांत जळतो. पट्टा बदलला आणि शंभर रुपयांचे सील वाचवले, की तेच सील नव्या पट्ट्याला खाते.

नवा पट्टा मुडपायचा नाही, पिळायचा नाही, उलटा दुमडायचा नाही, पेचकसाने ढकलून चढवायचा नाही. आतले काचतंतू अशा वेळी तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला ठेवायचा. क्रँकपासून सुरुवात करून ज्या बाजूने पट्टा ओढला जातो ती बाजू आधी ताठ करत न्यायची आणि उरलेली ढील टेन्शनरच्या बाजूला आणायची. ओढीच्या बाजूला थोडीही ढील राहिली तर टेन्शनर सोडताच एखादा शाफ्ट एका दाताने सरकतो. टायमिंग चुकते ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

ताणाचाही मध्य साधावा लागतो. ढिला पट्टा दात ओलांडतो. फार ताणलेला पट्टा घुंई असा आवाज करतो आणि बेअरिंग खातो. लांब भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाव फेरा पिळला जावा, ही जुन्या मिस्त्रींची खूण. ती अंदाजाला ठीक आहे, पण कंपनीने टेन्शनरला जी पद्धत आणि बोल्टला जो टॉर्क सांगितला आहे तोच शेवटी पाळायचा. टॉर्क रेंच नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये.

त्यानंतर पिन काढायच्या आणि क्रँक हाताने, पान्याने, सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवायचा. मध्येच कुठे कडक अडथळा लागला, तर जोर न लावता थांबायचे, कारण तिथे पिस्टन व्हॉल्व्हला टेकत असतो. दोन फेऱ्यांनंतर तिन्ही खुणा पुन्हा नेमक्या समोर आल्या, की ताण आणखी एकदा तपासायचा. डिझेल पंपाचे टायमिंग बारीक जुळवायचे असेल तर डायल गेज लावून ते आता करायचे. मग कव्हर आणि शेवटी सेल्फ. या दोन फेऱ्यांना काही मिनिटे लागतात. घाईत त्यांना फाटा दिला, तर झालेली चूक सेल्फच्या पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह वाकवून कळते.

माल आणि माणूस

पट्टा घेताना निव्वळ लांबी जुळून भागत नाही. दातांची संख्या, रुंदी आणि दाताचा आकार तिन्ही तेच हवेत. गोल दातांच्या पुलीवर चौकोनी घडणीच्या दातांचा पट्टा चढतो, फिरतो आणि लवकर झडतो. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल करणारे पट्टे बाजारात मिळतात, म्हणून बिल आणि पार्ट नंबर मागून घ्यावा. उन्हात टांगलेला, घडी पडलेला पट्टा नवा असला तरी नाकारावा.

हे काम करणारी माणसे याच परिसरात घडतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेची आयटीआय मोरवाडीत आहे. राज्यातल्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवतात. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून चाकणच्या रस्त्याकडेच्या गॅरेजांपर्यंत, आयटीआय शिकलेला मुलगा आणि पाने हाताळत मोठा झालेला मिस्त्री शेजारी शेजारी काम करताना दिसतात. एकाकडे पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा असतो, दुसऱ्याकडे आवाज ऐकून दोष ओळखणारा कान. जुन्या इंजिनाला दोघांचीही गरज आहे. त्यांना घाईला लावणारा मालक मात्र स्वतःचेच नुकसान करून घेतो. गाडी संध्याकाळी लाइनवर हवी म्हणून दुपारपासून तगादा लावला, की सर्वात आधी त्या दोन फेऱ्यांवरच काट मारली जाते.

ज्यांच्याकडे पट्ट्याच्या इंजिनाची जुनी गाडी आहे आणि पट्टा शेवटचा कधी बदलला ते माहीत नाही, त्यांनी मुदत उलटली आहे असेच धरावे आणि पावसाळ्याआधी तो बदलून घ्यावा. सोबत सील आणि टेन्शनरही बदलावे. गाडी एक पूर्ण दिवस गॅरेजात ठेवावी, दोन फेरे फिरवताना स्वतः उभे राहून खुणा पाहाव्यात. कव्हर बसले की त्यावर पक्क्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या मालकाला आणि पुढच्या मिस्त्रीलाही अंदाज बांधत बसावे लागणार नाही.